रेल्वे गेट, बसस्थानकाचा चौक आणि कार्बनचा हिशेब: निधी कुठून मागायचा?

प्रश्न विचारणारे मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत अभियंता आहेत. लाखभर वस्तीचं गाव, मधून रेल्वे गेलेली, बसस्थानकासमोर सकाळ-संध्याकाळ कोंडी. वाहतूक सुधारून हरितगृह वायू कमी करायला अमेरिकेत वेगळा सरकारी निधी मिळतो असं त्यांच्या वाचनात आलं. नगराध्यक्ष म्हणाले, ‘आपल्याकडंही असेल तर प्रस्ताव करा.’ असा निधी आहे का, आणि सुरुवात कुठून करायची, असं ते विचारतात.

या नावाचं लेखाशीर्ष आपल्याकडं नाही. नगरपरिषदेनं ‘आमच्या चौकातला कार्बन कमी करायचा आहे’ म्हणून अर्ज करावा आणि कुणी पैसे द्यावेत, अशी खिडकी कुठं उघडलेली नाही. पण काम होत नाही असं मात्र नाही. वीस-पंचवीस वर्षं मी या भागातल्या गावांचे वाहतूक आराखडे करतोय. पैसे मिळाले ते धुळीच्या, अपघाताच्या, रेल्वेच्या, नाहीतर रस्त्याच्या हेडखाली. कार्बन त्या प्रस्तावात जोडीला बसतो. तो कसा बसवायचा हे कळलं की प्रस्तावाला वजन येतं.

अमेरिकेचं आधी सांगतो, कारण त्यात घेण्यासारखं आहे. तिथं १९९१ च्या वाहतूक कायद्यानं ‘कंजेशन मिटिगेशन अँड एअर क्वालिटी’ हा कार्यक्रम सुरू झाला. पैसा मुख्यतः हवेच्या मानकात नापास झालेल्या भागांना, सिग्नलचा मेळ घालायला, बससाठी, सायकल-पदपथांसाठी. सगळ्या गाड्यांसाठी सरसकट नवी लेन वाढवायला त्यातून पैसे मिळत नाहीत, आणि प्रत्येक कामामागं उत्सर्जन किती घटेल याचा हिशेब लागतो. हा कार्यक्रम हवेतल्या प्रदूषकांसाठी आहे. नेमका कार्बनसाठी वेगळा निधी तिथंही २०२१ च्या कायद्यानं आला, पाच वर्षांसाठी सुमारे ६४० कोटी डॉलर. लेन वाढवायला पैसे नाहीत आणि हिशेबाशिवाय पैसे नाहीत, या दोन अटी तुम्ही स्वतःहून पाळल्यात तर तुमचा प्रस्ताव जिल्ह्यातल्या इतर दहा प्रस्तावांपेक्षा वेगळा दिसेल.

आता आपल्याकडं. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ पासून आहे. त्याच्या यादीत मराठवाड्यातली तीनच शहरं आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. त्यातही संभाजीनगर दहा लाखांवरचं शहर, म्हणून त्याचा पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटेनं आला. या कार्यक्रमात मोजतात ती धूळ, म्हणजे पीएम १०. त्यामुळं पैसा झाडण्याच्या यंत्रांकडं आणि रस्त्याच्या कडा पक्क्या करण्याकडं जास्त वळतो. तुमचं गाव यादीत नसेल तर या दारात वेळ घालवू नका.

पीएम-ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. देशभरात १०,००० बस, केंद्राचा वाटा २०,००० कोटी. तीन लाख आणि त्यावरच्या वस्तीची शहरं हा निकष. २०११ च्या जनगणनेप्रमाणं आपल्याकडं संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि परभणी ही शहरं त्या रेषेवर जातात. जालना थोडक्यात खाली राहतं. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या विजेवरच्या वाहनांच्या योजनेतल्या बस तर चाळीस लाखांवरच्या महानगरांसाठी आहेत, तिथं मराठवाड्याचा संबंधच येत नाही. आणि केंद्राच्या ‘अमृत’ या शहरांसाठीच्या अभियानात पदपथ-सायकलचे पैसे असतात, असं कुणी सांगत असेल तर ते पहिल्या अमृतचं सांगतात. २०१५ च्या त्या अभियानात नागरी परिवहनाचा घटक होता. २०२१ चं अमृत २.० पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचं आहे.

मग लाखाच्या गावाला उरतं काय? राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोगाच्या अनुदानातला अबंधित भाग, रस्ता सुरक्षा, महामार्ग विभाग, रेल्वे, आणि राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानातलं बक्षीस. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात, दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, ४० टक्के मोकळा. सिग्नल, पदपथ, चौक सुधारणा हे त्या मोकळ्या भागातून करता येतं. अडचण एवढीच की त्याच पैशावर गावातल्या प्रत्येक प्रभागाच्या गल्लीचा डोळा असतो.

पण निधी शोधण्याआधी एक कागद काढा: रस्ता कुणाचा? बसस्थानकासमोरचा चौक राष्ट्रीय महामार्गावर असेल तर नगरपरिषदेला तिथं एक दुभाजकसुद्धा हलवता येत नाही, आणि पैसे घातले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. मात्र महामार्ग असेल तर ती तुमची संधी आहे. पाचशे मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले असतील, तर तो तुकडा ब्लॅक स्पॉट ठरतो आणि दुरुस्तीची जबाबदारी महामार्ग यंत्रणेवर येते. पोलीस ठाण्यातून तीन वर्षांची नोंद घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढं ठेवा. अपघात कमी करायला जे करावं लागतं, म्हणजे वळणं नीट करणं, रिक्षांना वेगळा थांबा, एसटीचं आत-बाहेर वेगळं, पायी ओलांडायला मधे थांबायची जागा, त्यानंच कोंडी आणि धूरही कमी होतो. पैसा सुरक्षेचा, फायदा दोन्हीकडं.

बायपास झाला असेल तर आणखी एक गोष्ट. गावातून जाणारा जुना तुकडा पालिकेकडं सोपवताना तो एकदा नीट करून देण्याची तरतूद मागता येते. अनेक गावं घाईनं ताबा घेतात आणि खड्ड्यांसकट रस्ता गळ्यात पडतो. ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी पदपथ, गटार आणि चौक मागून घ्या.

आता रेल्वे गेट. या गेटबद्दल लोक सर्वात जास्त बोलतात आणि सर्वात कमी मोजतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. उड्डाणपुलासाठी रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च करायचा परिचित निकष आहे एक लाख टीव्हीयूचा (ट्रेन व्हेइकल युनिट). म्हणजे दिवसाच्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची एककं. त्यात मोटार, ट्रक, बैलगाडी यांना एक धरतात, रिक्षाला अर्धा आणि दुचाकीला पाव. आपली गावं दुचाकीची. दहा हजार दुचाकी गेटवरून गेल्या तरी एककं होतात अडीच हजार. चाळीस रेल्वेगाड्या असतील तेव्हा कुठं लाख भरतो. म्हणून गेटवर माणसांची झुंबड दिसते आणि कागदावर आकडा भरत नाही. गणना गाळप हंगामात झाली तर उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली त्यात येतात. आषाढात झाली तर येत नाहीत. गणना कधी होते याकडं लक्ष ठेवा, आणि हंगामात घेण्याची लेखी विनंती आधीच करून ठेवा.

कार्बनचा हिशेब कसा मांडायचा ते याच गेटवर दाखवतो. समजा गेट दिवसात २४ वेळा पडतं. प्रत्येक वेळी सरासरी ६० दुचाकी, १५ रिक्षा, १२ कार आणि ६ ट्रक-बस अडकतात आणि एक वाहन सरासरी पाच मिनिटं थांबतं. उभ्या इंजिनाला तासाला दुचाकी ०.२ लिटर, रिक्षा ०.४, कार ०.७ आणि जड वाहन २ लिटर असं मी ढोबळमानानं धरतो. एका वेळेला साधारण २.२ लिटर पेट्रोल आणि १ लिटर डिझेल जळतं. दिवसाला ५३ आणि २४ लिटर. लिटरमागं कार्बन डायऑक्साइड पेट्रोलचा २.३ किलो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. दिवसाला १८६ किलो, वर्षाला ६८ टन. पण निम्मे लोक गेट पडल्यावर इंजिन बंद करतातच, ते वजा करा. उरले ३४ टन.

आता चाळीस कोटींचा पूल बांधला आणि तीस वर्षांत हजारएक टन वाचले, तर टनामागं चार लाख रुपये पडले. म्हणजे कार्बनसाठी पूल मागता येत नाही. तो मागायचा रुग्णवाहिकेसाठी, परीक्षेला निघालेल्या पोरांसाठी, शेतमालाच्या गाडीसाठी, आणि ती कारणं पुरेशी मोठी आहेत. उलट गेटच्या दोन्ही बाजूंना ठळक फलक आणि गर्दीच्या वेळी दोन वाहतूक मदतनीस, वर्षाला तीन लाख खर्च धरा. राहिलेल्यांतले निम्मे लोक ऐकले तर १७ टन वाचतात, टनामागं साडेसतरा हजार, आणि लोकांच्या खिशातलं सात हजार लिटर इंधन वाचतं, म्हणजे सात लाखांच्या आसपास. पूल होईल तेव्हा होईल, हे या महिन्यात होतं. प्रस्तावात दोन्ही ठेवा, पण आकडे वेगळे ठेवा.

फलकाचा माझा एक अनुभव. एका गावात आम्ही ‘गेट पडलं, इंजिन बंद’ असा फलक लावला. कारवाल्यांनी ऐकलं, दुचाकीवाल्यांनी बऱ्यापैकी ऐकलं, ॲपे रिक्षावाले काही ऐकेनात. चार दिवस मी त्यांच्यावर चिडलो. पाचव्या दिवशी एका चालकाच्या शेजारी बसून विचारलं, तेव्हा त्यानं सेल्फची किल्ली फिरवून दाखवली. नुसता टकटक आवाज. बॅटरी उतरलेली. इंजिन बंद केलं तर गेट उघडल्यावर मागच्या लोकांच्या शिव्या खात धक्का मारायचा. तिथल्या सात-आठ रिक्षांची हीच गत होती. उत्सर्जनाचं कारण माणसाच्या बेफिकिरीत नव्हतं, दोन-तीन हजारांच्या बॅटरीत होतं. कोणत्याही योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत हे सापडणार नाही, ते गेटवर उभं राहूनच कळतं.

चौकाकडं येतो. सिग्नल बसवण्याआधी, असलेला सिग्नल नीट चालतो का ते पाहा. एका शहरात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत १६० सेकंदांचं एकच चक्र चालू होतं. दुपारी दोन वाजता बाजार समितीकडच्या रिकाम्या रस्त्याला चाळीस सेकंद हिरवा, आणि समोर शाळा सुटलेल्या रस्त्यावर लांब रांग. आम्ही स्टॉपवॉच आणि वही घेऊन तीन दिवस बसलो, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन वेळा ठरवल्या, दुपारचं चक्र नव्वदवर आणलं. खर्च म्हणाल तर मोजणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या पोरांचा नाश्ता आणि प्रवास. रांग दिसण्याइतकी कमी झाली. जुन्या चौकांना मात्र सिग्नलनं सोडवायचा अट्टाहास करू नका. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं सिग्नलचा विचारच चालत नाही, गोल फिरणं, मालगाड्यांच्या वेळा आणि पार्किंग यावरच काम करावं लागतं. तुमच्याकडंही बाजारचौक असा असेल तर मालाच्या चढ-उताराची वेळ सकाळी नऊच्या आत बांधणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे. त्याला निधी लागत नाही, ठराव आणि व्यापाऱ्यांशी दोन बैठका लागतात.

देखभालीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण यात मी हरलो आहे. एका नगरपरिषदेसाठी मी सौर सिग्नलचा प्रस्ताव केला, मंजूर झाला, उद्घाटन झालं. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं फुकट दुरुस्ती करून द्यायचा काळ, संपला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटऱ्या गेल्या. बदलायला मोठी रक्कम लागत नव्हती, पण ती कोणत्या हेडमधून घालायची हे कुणालाच ठरवता आलं नाही, कारण भांडवली निधी बॅटरीला चालत नाही आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात सिग्नल दुरुस्तीची ओळच नव्हती. नियंत्रकाचा पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाकडं, तो माणूस काम सोडून गेलेला. खांब आजही उभे आहेत, त्यांना बॅनर बांधतात. चूक माझीही होती. मी अंदाजपत्रकात पाच वर्षांची देखभाल घातली नव्हती. तेव्हापासून मी तीन गोष्टी निविदेत घातल्याशिवाय कागद पुढं पाठवत नाही: पाच वर्षांचा देखभाल करार, पासवर्ड आणि जोडणीचा नकाशा पालिकेच्या ताब्यात, आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी ठरावीक रकमेची ओळ टाकल्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव.

विजेवरच्या वाहनांबद्दलही स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, परळीची राख आपण डोळ्यांनी पाहतो. एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. नऊ मीटरची ई-बस किलोमीटरला एक युनिटच्या आसपास खाते, म्हणजे ०.७ किलो. चार किलोमीटर धावायला एक लिटर घेणारी डिझेल बसही तेवढंच सोडते. शहरातल्या माणसाच्या नाकासमोरचा धूर जातो, हा फायदा मोठाच आहे. पण कार्बनची बचत बस बदलल्यानं आपोआप होत नाही. ती होते डेपोवर सौर पॅनल बसल्यावर आणि बस भरल्यावर. मोटारसायकलवरचा एकटा माणूस किलोमीटरला सुमारे ४८ ग्रॅम सोडतो. त्या हिशेबानं बसमध्ये पंधराएक माणसं असतील तर बरोबरी होते, तीस असतील तर निम्म्यावर येतं, आणि सहा माणसं घेऊन फिरणारी बस मोटारसायकलपेक्षा वाईट. संभाजीनगरमध्ये स्मार्ट सिटीतून शहर बस २०१९ पासून धावू लागली. नांदेड, लातूर, परभणीच्या मित्रांना माझं सांगणं असं की किती बस आल्या हे विचारू नका, दर किती मिनिटांनी येते आणि दुपारी किती माणसं असतात ते विचारा.

पायी चालणाऱ्यांसाठी पैसे मागायला आपण लाजतो, याचं मला वाईट वाटतं. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण अभियानाच्या पैशातून रस्ते झाले, त्यात रुंद पदपथ होते, सायकलची वेगळी पट्टी होती. मराठवाड्यातल्या उन्हाच्या शहरात असे रस्ते करता येतात हे तिथं सिद्ध झालं. इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ क्रमांकाची संहिता पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगते. बसस्थानक ते शाळा-कॉलेज एवढा एकच तुकडा तरी त्या मापानं, झाडाच्या सावलीसह करा. रिक्षाची छोटी फेरी वाचली की इंधन वाचलं. ‘माझी वसुंधरा’ अभियानात, जे २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, वायू आणि अग्नी या तत्त्वांखाली अशी कामं मांडता येतात, आणि बक्षिसाची रक्कम पुन्हा पर्यावरणाच्याच कामात घालायची असल्यानं तिथं प्रभागांची ओढाताण कमी असते.

कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र, विकता येईल का, असंही कुणीतरी सुचवेल. दिल्ली मेट्रोनं ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेवर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत नोंदणी केली, ते काम त्या आकाराचं होतं. तुमचे १७ टन, टनाला हजार रुपये धरले तरी वर्षाला सतरा हजार. पडताळणी करणारा माणूस एकदा येऊन गेला तरी त्यापेक्षा जास्त खर्च होतो. हा नाद सोडा.

वेळेचं सांगतो. जिल्हा नियोजनाचा पैसा एप्रिलमध्ये मागितला तर यादीत जातो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अखर्चित रकमेचं पुनर्विनियोजन होतं, म्हणजे ती दुसऱ्या कामांकडं वळवतात. तेव्हा ज्याच्या हातात तांत्रिक मान्यता झालेलं अंदाजपत्रक, ठराव आणि नाहरकत तयार असते, त्याचं काम होतं. बाकीचे तेव्हा कागद शोधत असतात. म्हणून दिवाळीपर्यंत पहिली मोजणी उरका, डिसेंबरपर्यंत तांत्रिक मान्यता घ्या. मोजणी दोनदा करा, एक गाळप सुरू होण्याआधी आणि एक कारखान्याची धुराडी पेटल्यावर. दोन्ही वेळी एक दिवस आठवडी बाजाराचा आणि एक साधा. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वारी, त्याच वहीत पुन्हा मोजा. ही ‘नंतरची’ मोजणी आमच्या भागात जवळजवळ कुणी करत नाही, आणि पुढच्या वर्षी पैसे मागताना तेवढाच पुरावा हातात असतो.

आणि मोजणीच्या छापील तक्त्यात दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी असे रकाने असतात. शेवटी पेननं आणखी एक रकाना आखा, पायी. मागं एका बसस्थानकासमोर आम्ही तो आखला, तेव्हा सकाळच्या एका तासात सगळ्यात जास्त रेघा त्याच रकान्यात पडल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एसटीतून उतरून शाळेकडं निघालेल्या मुलींच्या होत्या.